सोलापुरात क्लाइंबिंगचा गट सगळ्यांचा कसा करायचा? भिंत आहे, दोर आहे, पण नवी माणसं टिकत नाहीत

पार्कचौक_०२१७

नमस्कार मंडळी. विजापूर रोडकडच्या एका शाळेच्या मैदानावर आठ मीटरची भिंत आहे. वर दोन टॉप-रोप अँकर (चढणाऱ्याचा दोर वरून वळवून खाली आणायच्या पक्क्या जागा), शेजारी साडेतीन मीटर उंचीची बोल्डरिंगची (दोराविना, खाली गादी टाकून चढायची) जागा. वेळ संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ. नियमित येणारी सगळी इंजिनिअरिंगची पोरं, वय १८ ते २५. गेटवर ‘सर्वांचे स्वागत’ असा फलक लावलाय. मुली येतात, दोन-तीनदा चढतात आणि बंद होतात. चाळिशीपुढचं कोणी फिरकत नाही. विडी घरकुलातली काही पोरं यायची, तीही थांबली. आता एका मूकबधिर शाळेतल्या सरांनी आणि एका दृष्टिहीन मुलाच्या वडिलांनी विचारणा केलीय. हो म्हणायचंच आहे, पण त्याआधी तयारी काय लागते?

सामान असं: हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे) सहा, सगळे मीडियम. शूज ७ ते १० नंबरचे आठ जोड. ट्यूब बिले डिव्हाइस (खालून दोर अडवायचं साधन) तीन. १० मिमीचा डायनॅमिक दोर. पैशाची तंगी आहेच. ‘मानसिकता बदला’ वगैरे नको, वस्तू आणि कृती सांगा.

दोर_आणि_गाठ

दादा, पहिली गोष्ट. तुमच्याकडे बिले कोण देतं, म्हणजे खाली उभं राहून चढणाऱ्याचा दोर कोण सांभाळतं, ते बघा. तीच तीन-चार पोरं देत असणार. म्हणजे नवा माणूस आला की कोणीतरी मोकळं होईपर्यंत बाकावर बसतो, दहा मिनिटं चढतो, पुन्हा बाकावर. तो कायमचा पाहुणाच राहतो. दोर धरायला येऊ लागलं की त्याची गरज लागते, आणि गरज लागली की माणूस येतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी चढाईआधी बिले शिकवा.

तिघांची टोळी करा: एक चढणारा, एक बिलेयर आणि एक त्याच्या मागे ब्रेकच्या दोरावर (डिव्हाइसमधून खाली निघणारं, धरून ठेवायचं टोक). मागचा माणूस बिलेयरच्या ब्रेकच्या हातापासून साधारण मीटरभर अंतरावर दोर दोन्ही हातांत सैल धरून उभा राहतो. बिलेयरचा हात सुटला तर तो दोर खाली ओढून धरतो. हे काम बारा वर्षांच्या पोरापासून साठीच्या काकूंपर्यंत कोणालाही जमतं. आधी मागचा दोर, मग जमिनीवर उभ्या माणसाला बिले, मग दोन मीटरवरून मुद्दाम लटकणाऱ्याला, शेवटी पूर्ण उंची. ही पायरी चुकवली की हमखास होणारी चूक म्हणजे दोर ओढून घेताना ब्रेकचा हात सोडून वरचा दोर पकडणं. सवय लागायच्या आतच तोडा.

आता वजन. वर साध्या कॅराबिनरवरून (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीवरून) दोर वळला की घर्षणात ढोबळमानाने तिसरा हिस्सा वजन जातं. म्हणजे ८० किलोचा माणूस लटकला तर खाली ५०-५५ किलोची ओढ येते. ४५ किलोची मुलगी बिले देत असेल तर ती उचलली जाणारच. मग पोरं हसतात, ती पुन्हा दोर हातात घेत नाही, आणि तुम्ही म्हणता मुली टिकत नाहीत. उपाय सोपा आहे. बिलेयरच्या बिले लूपपासून (हार्नेसच्या पुढच्या मजबूत कडीपासून) जमिनीतल्या अँकरला स्लिंग (मजबूत पट्टी) लावा, माणूस वीतभरच वर जाईल इतपत ढील ठेवून. जमिनीत अँकर नसेल तर १५-२० किलोची वाळूची पिशवी चालते. ओढ सरळ रेषेत यायला हवी. बाजूला बांधलं तर माणूस आडवा फेकला जातो. आणि वर कोणी ‘दोर हलका चालावा’ म्हणून पुली लावली असेल तर आजच काढा, तिनं घर्षण जवळपास संपतं. दोन लॉकिंग कॅराबिनर, तोंडं उलटसुलट, बस्स.

पुढची खरेदी करताना एक तरी ग्रीग्रीसारखं आपोआप अडणारं डिव्हाइस घ्या. पण ते आलं म्हणून ब्रेकचा हात मोकळा करायचा नाही. घाबरलेला माणूस लिव्हर पूर्ण ओढून धरतो आणि चढणारा धाडकन खाली येतो. म्हणून मागचा दोर तेव्हाही लागतोच.

हार्नेस सगळे मीडियम हेच तुमचं दुसरं दार बंद करतंय. पट्टा नितंबाच्या हाडांच्या वर, कमरेच्या बारीक जागी बसला पाहिजे. आवळल्यावर आत सपाट पंजा जेमतेम जाईल इतका, आणि खाली ओढला तरी हाडावरून घसरू नये. ज्यांचं पोट कमरेपेक्षा मोठं आहे त्यांच्या बाबतीत तो घसरतोच, आणि पडताना माणूस उलटा होऊ शकतो. त्यांना पूर्ण अंगाचा हार्नेस किंवा कमरेच्या जोडीला छातीचा. लहान पोरांना कंबर नसतेच, त्यांना ४० किलोपर्यंतचा लहान मुलांचा पूर्ण हार्नेस मिळतो, ईएन १२२७७ मधला बी प्रकार. तुम्हाला एक स्मॉल, एक एक्स्ट्रा लार्ज, एक मोठा पूर्ण अंगाचा आणि एक मुलांचा एवढं वाढवलं तरी पुष्कळ आहे. नवीन माणसाला आधी जमिनीपासून फूटभर वर मिनिटभर लटकवून बघा. कुठं टोचतं ते तिथंच कळतं.

कट्टा_सेटर

वरच्यांनी दोराचं सांगितलं, मी भिंतीचं सांगतो. माझा अंदाज, तुमच्या भिंतीवरचे सगळे मार्ग, म्हणजे होल्डची (हातपाय ठेवायच्या खुंट्यांची) मांडणी, पावणेसहा फुटी पोरांनी लावलेले आहेत.

१५० सेंमी आणि १७८ सेंमीच्या माणसाचा उभ्या उभ्या हात पोचण्यात ३५-४० सेंमीचा फरक पडतो. टी-नटची (होल्डचा बोल्ट जिथं बसतो त्या नटांची) जाळी २० सेंमीची असेल तर हे जवळजवळ दोन घरं झाले. उंच पोराला जिथं हात लांबवला की होल्ड, तिथं बुटक्या माणसाला उडी. मग तो मार्ग ‘सोपा’ कसा? नियम करा: ज्या मार्गावर सोप्याची चिठ्ठी लावायची तो आधी गटातल्या सगळ्यात बुटक्या माणसानं चढायचा, उडी न मारता. सुरुवातीची होल्ड जमिनीपासून १३० सेंमीच्या वर नको. हाताची होल्ड लांब असतील तर ती जवळ आणण्यापेक्षा मध्ये एक पायाची होल्ड वाढवा. ती उंच माणसाच्या उपयोगाची नसते, म्हणून त्याचा मार्ग बिघडत नाही.

बोल्डरिंगची जागा पूर्ण ४० अंश पुढं झुकलेली असेल तर नवख्याला तिथं काहीच करता येत नाही, तो नुसता लोंबकळतो. एका टोकाला ८ बाय ४ फुटांचे दोन प्लाय सरळ उभे किंवा पाच-सात अंश मागे कललेले लावा. १८ मिमीचा आयएस ७१० वाला प्लाय घ्या, साधा कमर्शियल प्लाय पहिल्या पावसाळ्यात सुटतो. २० सेंमीच्या जाळीनं एका प्लायमध्ये ७२ टी-नट बसतात, एम १० चे. टी-नट मागून ठोका आणि शक्य असेल तर स्क्रूची चकती असलेले घ्या. नुसते दात असलेले दोन-चारदा होल्ड बदलल्यावर मागे निसटतात, मग बोल्ट गरागरा फिरतो आणि होल्ड निघतच नाही. प्रत्येक होल्डला बोल्टशिवाय एक लाकडाचा स्क्रू मारला तर हातात फिरत नाही. नवख्याच्या हातात होल्ड फिरलं की त्याचा पुढं कशावरच भरवसा बसत नाही.

मार्ग रंगीत टेपनं दाखवता ना? लाल-हिरवा न ओळखणारा एखादा कुठल्याही गटात निघतोच. टेपवर मार्करनं त्रिकोण, गोल, फुली काढा. काम दहा मिनिटांचं.

गाद्यांच्या फटी बघा. दोन गाद्यांमधल्या फटीत पाय गेला की घोटा गेलाच. वरून एकसंध ताडपत्री किंवा कॅनव्हास घट्ट ताणून बांधा. वय झालेली माणसं फटीला घाबरतात आणि बरोबरच आहे.

सुईदोरा_अक्का

मुली का थांबतात याची कारणं फार साधी आहेत. कोणी विचारत नाही, एवढंच.

वेळ. साडेनऊला सुटून कुंभारीला किंवा बाळ्याला जायचं कसं? रिक्षाचं भाडं चढाईच्या फीपेक्षा जास्त. सकाळी सहा ते साडेआठ एक वेळ ठेवा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये नाहीतरी तीच खरी, पारा ४२ च्या वर गेला की रात्री आठलासुद्धा भिंतीचा पत्रा गरम असतो. आणि आठवड्यातून दोनदा साडेचार-पाचची वेळ, भिंतीवर सावली पडत असेल तर. विड्या वळणाऱ्या बायांना कारखान्यात माल देऊन यायची वेळ सांभाळावी लागते, यंत्रमागावरच्या पोरांची पाळी असते. त्यांना विचारूनच वेळ ठरवा, फलकावर छापून नाही. रमजानात रोजा असणाऱ्यांना इफ्तारनंतरची वेळ द्या. गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या) दिवसांत संध्याकाळी कोणी येत नाही, तेव्हा भिंतीची डागडुजी काढा.

कपडे. सलवार-कमीजवर हार्नेस व्यवस्थित बसतो. कुर्ता पट्ट्याच्या आत चुणी न पडता ओढून घ्यायचा. ओढणी मात्र काढायची किंवा पूर्ण आत खोचायची. हिजाब असेल तर पिन नसलेला, टोकं टी-शर्टच्या आत. लांब वेणी आत किंवा अंबाडा. बिले डिव्हाइसमध्ये केस किंवा कापड ओढलं गेलं तर सोडवताना कापावंच लागतं. अंगठी, बांगड्या, कडं काढायचं. अंगठी होल्डमध्ये अडकून बोटाची कातडी सोलून निघाल्याची उदाहरणं जगभर आहेत. मंगळसूत्र काढायला सांगू नका, आखूड करून आत घालून वर कापडी टेप. आणि जोडवी! घट्ट शूजमध्ये जोडव्यांनी बोटं अक्षरशः चेमटतात, बाई काही बोलत नाही, दुसऱ्या दिवसापासून येत नाही. जोडवी घालूनच चढायचं असेल तर एक नंबर मोठा शूज द्या. सोप्या मार्गावर काही फरक पडत नाही.

शूज ७ ते १० म्हणजे बहुतेक बायका आणि सगळी लहान पोरं बाद. ३ ते ६ चे प्रत्येकी एक जोड घ्या, वापरलेले चालतील. पातळ मोजे सक्तीचे करा, पाच-सहा जोड धुऊन ठेवा, नाहीतर बुरशी पसरते. शूज उन्हात किंवा बंद गाडीत वाळवू नका, आपल्याकडच्या उन्हात रबर सुटतं.

हार्नेस घालताना हात लावायचा नाही. शिकवणाऱ्यानं स्वतःच्या अंगावर घालून दाखवायचा, तिनं तिचा घालायचा, पट्टे तिनंच ओढायचे. तपासणी नजरेनं आणि तोंडी: “बकल दाखव, बिले लूप तू वर ओढ, गाठ दोन्ही कड्यांतून गेलीय का, शेपूट किती?” १० मिमीच्या दोराला आठाच्या गाठीची शेपूट कमीत कमी दहा सेंमी. हात लावावाच लागला तर आधी विचारायचं. हे पुरुषांनाही लागू.

आणि खालून ओरडू नका की! “उजवा पाय टाक, अगं उजवा!” असा पाच जणांचा गलका झाला की माणूस चढत नाही, आज्ञा पाळतो. मागितल्याशिवाय मार्ग सांगायचा नाही, असा नियम भिंतीवर लिहा. स्वागताचा फलक काढून तो लावलात तरी चालेल.

शाळेच्या संडासाची किल्ली कोणाकडे असते ते बघा. शिपायाकडे असेल तर बाई मागायला जाणार नाही. किल्ली गटाकडे, आत कडी, बादली, डबा आणि पॅडची एक पिशवी.

फी घेत असाल तर अनामत रद्द करा. ती महिन्याच्या फीपेक्षा जास्त अडवते. विडी घरकुलातली पोरं बहुधा तिथंच थांबली असतील.

बोर्ड_४०

सगळं पटतंय, पण एक शंका. सगळं सोपं, सगळं सावकाश, तिघांची टोळी... मग जी पोरं स्पर्धेची तयारी करतायत त्यांनी सराव कधी करायचा? गटाची पातळी खाली येईल.

कट्टा_सेटर

@बोर्ड_४० त्यांना आठवड्यातल्या तीन संध्याकाळी बोर्ड (बोल्डरिंगची झुकलेली भिंत) पूर्ण द्या, कोणी मध्ये येणार नाही. बदल्यात त्यांच्यातल्या प्रत्येकानं महिन्यातून दोन सकाळी दोर धरायचा आणि एक सोपा मार्ग लावायचा. चांगला सोपा मार्ग लावणं अवघड मार्ग लावण्यापेक्षा कठीण असतं, हे त्यांना पहिल्याच सकाळी कळेल. वेळा वेगळ्या ठेवल्या की दोन्ही कामं होतात. एकाच वेळी एकाच गादीवर दोन्ही केलं तर लहान पोर कोणाच्या तरी खाली सापडायचं.

पार्कचौक_०२१७

अक्का, जोडव्यांचं खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं. पुली आहे वर, काढतो उद्याच. मूकबधिर आणि दृष्टिहीन मुलांचं कोणी सांगेल का? आणखी एक: गटात कन्नड आणि तेलुगू बोलणारी घरं बरीच आहेत, सूचना कुठल्या भाषेत द्यायच्या?

तुळजापूर_नाका

भाषा कुठलीही चालेल, शब्द ठरलेले आणि कमी पाहिजेत. चार पुरे: ‘ढील’, ‘ताण’, ‘थांब’, ‘उतरव’. कन्नड-तेलुगू घरातल्या पोरांनाही हे चारच शिकवा, पाचवा शब्द कोणी वापरायचा नाही. ‘घे’ तर बंदच. दोर घे की होल्ड घे, खालच्याला कळत नाही. आधी नाव, मग शब्द, कारण शेजारच्या दोरावरचा ‘उतरव’ ऐकून भलताच माणूस खाली आलेला असतो.

ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी चार शब्दांच्या चार खुणा, त्यांच्या सरांबरोबर बसून ठरवा. मुलांना सांकेतिक भाषा येत असते, आपली नवीन लादू नका. एकच काळजी: नुसता हात झटकल्यासारखी खूण ठेवू नका. चढणारा दमला की हात खाली सोडून झटकतो, आणि खालच्याला वाटतं ढील मागतोय. मूठ डोक्यावर म्हणजे ताण, उघडा पंजा खाली तीनदा दाबला म्हणजे उतरव, अशा ठळक खुणा घ्या. खालून लक्ष वेधायचं असेल तर टॉर्चचा झोत त्याच्या हातासमोर भिंतीवर पाडायचा, तोंडावर नाही. दोराला हिसके देऊन बोलायची पद्धत टॉप-रोपवर नको, बिलेयर दोर ओढून घेतो तेव्हाही हिसका तसाच बसतो. उतरवायच्या आधी दोघांची नजरानजर झालीच पाहिजे. ती होईपर्यंत बिलेयर हलणार नाही. आणि ही मुलं बिले फार चांगली देतात, कारण नजर चढणाऱ्यावरून हलत नाही. त्यांना नुसतं चढवू नका.

दृष्टिहीन मुलासाठी बिलेयर वेगळा आणि सांगणारा वेगळा. एकानं दोन्ही करायचं नाही. सांगण्याचा क्रम कायम तोच: कुठला अवयव, घड्याळाची दिशा, अंतर, होल्डचा आकार. “डावा पाय, आठ वाजता, गुडघ्याएवढा, बारीक.” “उजवा हात, एक वाजता, दोन विती, वरून धरायचं.” एका वेळी एकच. हात होल्डवर पोचला की गप्प बसा, चाचपायला वेळ द्या. दोन वॉकी-टॉकी आणि एका कानात इअरफोन असेल तर ओरडावं लागत नाही. दुसरा कान मोकळा हवा. चढण्याआधी त्याला गाठ, बकल, डिव्हाइस सगळं हातानं तपासू द्या. गादीच्या कडेला दोरी चिकटवा म्हणजे पायाला कड कळते. इतकं झालं की सोप्या मार्गावर तो डोळस नवख्यापेक्षा कमी घाबरतो, त्याला खाली दिसत नाही असं लोक गमतीनं म्हणतात, पण खरं कारण तो पायावर जास्त भरवसा टाकतो हे आहे.

उद्या पाय नसलेलं कोणी आलं तर: जयपूर फुटाचा पुढचा भाग लवचिक असतो, बारीक होल्डवर तो दुमडतो. मोठ्या होल्डवर पायाचा मधला भाग ठेवायला सांगा, किंवा कृत्रिम पाय काढूनच चढू द्या. तो ठरवेल. पाय घालून चढणार असेल तर पायाला दोरी लावून हार्नेसला बांधा. सुटून खाली आला तर बिलेयरच्या डोक्यात बसेल. मांडीचा भाग आखूड असेल तर हार्नेसचा पायातला पट्टा निसटतो, म्हणून पूर्ण अंगाचा हार्नेस.

मुलांच्या पालकांना हे दाखवा: बेंगळुरूचा मणिकंदन कुमार पोलिओनं पाय अधू असून पॅरा-क्लाइंबिंगमध्ये जगज्जेता झालाय. दृष्टिहीनांसाठी बी १, बी २, बी ३ असे गट असतात, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा येतोय.

काळीजमीन

एक रुक्ष पण लागणारी गोष्ट. अल्पवयीन मुलं येणार म्हणजे दोन मोठी माणसं कायम हजर, त्यातली एक बाई. शिकवणाऱ्यानं मुलाला एकट्याला घेऊन कुठं जायचं नाही, खाजगी मेसेज नाहीत, सगळं पालकांच्या ग्रुपवर. मुलाबाबत काही गैर घडल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ‘गटात मिटवू’ हा पर्यायच नाही. मोठ्या बायकांसाठी २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा खेळाच्या प्रशिक्षणाच्या जागांनाही लागतो. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तक्रार कोणाकडे करायची ती दोन नावं भिंतीवर लावा. त्यातला एक तरी माणूस गटाच्या म्होरक्यांपैकी नसावा, कारण तक्रार बहुतेकदा चांगलं चढणाऱ्याबद्दलच असते.

पार्कचौक_०२१७

मोठं काम दिसतंय, पण धरतो. शेवटचं: हिवाळ्यात सगळ्यांना खऱ्या दगडावर न्यायचंय. काही पोरं म्हणतात भुईकोटाच्या तटावर किंवा नळदुर्गला जाऊ.

दोर_आणि_गाठ

अजिबात नको. दोन्ही संरक्षित स्मारकं आहेत, तटावर चढलात तर गुन्हा दाखल होईल. येडशी-रामलिंगच्या बाजूला जायचं तर ते अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी काढा.

मिश्र गटाला बदामी बरी. होटगी-विजयपूर-बागलकोट अशी थेट रेल्वेलाईन आहे, गाडीचा खर्च वाचतो. बोल्ट मारलेले मार्ग आहेत, पायथ्यापर्यंतची चाल कमी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, पण पौष पौर्णिमेच्या आसपास बनशंकरीची यात्रा असते, खोली मिळत नाही. तिथला दगड वालुकाश्म आहे. पाऊस पडून गेला असेल तर किमान एक-दोन दिवस कोरडे जाऊ द्या, ओल्या वालुकाश्माची होल्ड तुटतात. आग्या मोहोळ वर दिसलं की तो भाग सोडा, अत्तर आणि धूर नको. खाणं पिशवीत बंद ठेवा, माकडं सोडत नाहीत.

अँकर तुमच्यातल्या अनुभवी दोघांनी आधी चढून लावायचा, बाकी सगळे टॉप-रोपवर. दोर ६० मीटरचा, खालच्या टोकाला गाठ. हेल्मेट खाली उभ्या माणसांनाही. पायथा खडबडीत असतो, म्हणून दृष्टिहीन मुलाला खोलीपासून पायथ्यापर्यंत कोण नेणार ते आदल्या रात्री ठरवा आणि त्या माणसाला दुसरं काम देऊ नका. हार्नेसच्या मागची पायपट्ट्यांची इलॅस्टिक सोडली की कमरेचा पट्टा न काढता लघवीला जाता येतं. हे बायकांना सोलापुरातच करून बघायला सांगा, तिथं कड्याखाली नाही.